मागचा लाल दिवा

जानेवारी २०२३ मधली गोष्ट. वडणग्याला एका मित्राकडे रात्रीचा मुक्काम झाला होता आणि सकाळी साडेसहाच्या सुमारास मी मोटारसायकलवरून कोल्हापूरला परत येत होतो. पंचगंगेवर धुके होते. शिवाजी पूल ओलांडला आणि गंगावेशीच्या दिशेने थोडे पुढे आलो, तोच पुढे उसाचा ट्रॅक्टर. मागे दोन ट्रॉल्या, दोन्ही डोक्याच्या वर भरलेल्या, आणि दोन्हींच्या पाठीला दिवा म्हणून काही नाही. साखर कारखान्यांचा हंगाम असला की आमच्याकडे हे दृश्य नवे नाही. ट्रॅक्टरने अचानक वेग कमी केला. मी त्याला मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या, उजवा पाय दाबला आणि थांबलो.

थांबलो, पण माझ्या मागचा थांबला नाही. टायर घासल्याचा आवाज आला, माझ्या मडगार्डला धक्का बसला आणि पत्र्याची भांडी फरशीवर पडावीत तसा खणखणाट झाला. वळून पाहिले तर एक दूधवाला गाडीसकट आडवा. माणसाला फार लागले नव्हते, कोपर तेवढे खरचटले होते. पण एका किटलीचे झाकण उडाले होते आणि दूध डांबरावरून उताराच्या दिशेने निघाले होते. नुकतेच काढलेले दूध होते ते, त्या थंडीत त्याची वाफ दिसत होती.

“अंतर ठेवून चालवता येत नाही काय?” हे माझे पहिले वाक्य. लागले का, हे मी नंतर विचारले. वाचकांपासून हा क्रम लपवण्यात अर्थ नाही.

तो उठला, किटली सरळ केली आणि म्हणाला, “पावणं, तुमी ब्रेक दाबलासा, पर मागं दिवा कुटं लागला?”

“दिवा लागतो,” मी म्हणालो. एकोणतीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले की आवाजाला एक धार येते, ती निवृत्तीनंतरही जात नाही. “मागचा माणूस झोपेत असला तर त्याला तो दिसत नाही, एवढेच.”

तोवर चार माणसे जमली होती. त्यांतल्या एकाने निकाल दिला की मागून ठोकणाऱ्याचीच चूक. दुसऱ्याने मान डोलावली. माझ्या अंगात स्वेटर होता, डोळ्यांवर चष्मा होता आणि दूधवाल्याच्या अंगात शेणाचे डाग पडलेला सदरा. निकालात त्याचाही काही वाटा असावा, असे आता वाटते. तो आणखी काही बोलला नाही. टॉवेलने कोपर पुसले, किटलीत उरलेले दूध डोळ्यांनी मोजले, गाडी उभी केली आणि गेला. आपण जिंकलो, अशा थाटात मी घरी आलो.

जिंकलेल्या माणसालाही पुरावा लागतो. आमच्या शुक्रवार पेठेतल्या गल्लीत समोरच्या घराची भिंत पांढरी आहे. मी गाडीची पाठ त्या भिंतीकडे केली, किल्ली फिरवली आणि उजव्या हाताची ब्रेकची लिव्हर दाबली. भिंत लालभडक झाली. सोडली, विझली. पुन्हा दाबली, पुन्हा लाल. मी बायकोला हाक मारून बाहेर बोलावले आणि सकाळची सगळी कथा सांगून तो देखावा तिला दाखवला.

ती चहाचा कप घेऊन उंबऱ्यात उभी होती. म्हणाली, “ते खरं. पण तुम्ही गाडी हाताने कुठे थांबवता? मागे बसते ना मी. तुमचा पाय खाली जातो, हात काही हलत नाही.”

मी पेडल दाबले. भिंतीवर टेललाइटचा मंद तांबूस डाग होता तसाच राहिला. जोराने दाबले. उभा राहून सगळा भार टाकून दाबले. भिंत ढिम्म.

आता यातली गंमत सांगायला हवी, कारण ती गंमत मी आयुष्यभर फळ्यावर काढत आलो होतो. मोटारसायकलच्या ब्रेकच्या दिव्याला एक कळ नसते, दोन असतात. पुढच्या ब्रेकच्या लिव्हरच्या बुडाशी एक चिमुकले बटण असते. दुसरी कळ उजव्या पायाच्या पेडलजवळ, चासीला बसवलेली. तिच्यातून एक बारीक स्प्रिंग निघून पेडलला अडकवलेली असते. पेडल खाली गेले की स्प्रिंग ताणली जाते, कळीतला दांडा बाहेर ओढला जातो, आत तांब्याच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि मागे दिवा लागतो. दोन्ही कळी समांतर जोडलेल्या. यातली कोणतीही एक दाबली तरी परिपथ पूर्ण होतो. म्हणजेच एक मेली तरी दुसरी दिवा लावतच राहते आणि मेलेलीचा पत्ता लागत नाही. ‘समांतर जोडणीचा फायदा काय?’ हा दोन गुणांचा प्रश्न मी किती वेळा काढला असेल! तोटा काय, हे कधी विचारले नाही.

आणि मी पायाचाच ब्रेक का वापरतो? भीती. पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते, ही समजूत आमच्या पिढीने सायकलपासून उराशी बाळगली. वस्तुस्थिती उलटी आहे. गाडी थांबू लागली की भार पुढच्या चाकावर सरकतो, मागचे चाक हलके होते, आणि कोरड्या रस्त्यावर थांबवण्याचे बरेचसे काम पुढचे चाकच करू शकते. दोन्ही ब्रेक एकदम लावावेत, हे शहाणपण. नव्या गाड्यांत तर ते शहाणपण यंत्रातच घातले आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची किंवा एबीएसची, आणि त्यावरच्यांना एबीएसची सक्ती झाली. माझी गाडी त्याआधीची. ती माझ्या भीतीवर चालते.

तर दूधवाला खरे बोलला होता. किती दिवसांपासून माझा दिवा लागत नव्हता, कोण जाणे. गाडीवरचे बाकीचे दिवे काही ना काही स्वतःसाठी असतात. हेडलाइट आपल्याला रस्ता दाखवतो, मीटरमधला हिरवा ठिपका इंडिकेटर चालू राहिल्याची आठवण देतो. ब्रेकचा दिवा मात्र चालवणाऱ्याला दिसतच नाही. तो सर्वस्वी मागच्या माणसाचा. आणि मागचा माणूस बहुधा अनोळखी, आपल्याला सांगायला थांबणार नाही असा. मला एकाने सांगितले होते, तर मी त्याला झोपाळू ठरवले.

अंतर ठेवून चालवावे हा नियम आहेच आणि दूधवाला जरा जवळ होता हेही खरे. पण आकडे पाहा. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. दिवा पाहून पाय हलवायला माणसाला सेकंद-सव्वा सेकंद लागतो. दिवाच नसेल, तर पुढची गाडी मोठी होत चालली आहे हे डोळ्यांनी ओळखून मगच पाय हलणार. धुक्यात त्याला आणखी अर्धा सेकंद लागला म्हणा, म्हणजे साडेपाच मीटर. मला बसलेला धक्का फार जोराचा नव्हता. ते साडेपाच मीटर त्याला मिळाले असते तर किटली उलटली नसती, असा माझा हिशेब आहे. त्या दिवशी दुपारी मी तो कागदावर मांडला आणि कागद फाडून टाकला.

ब्रेक दाबताच मागे लाल दिवा लागला पाहिजे, असे १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. त्याआधीच्या काळात हे काम बरेचसे हातावर असे. आमच्या लहानपणी एसटीचा ड्रायव्हर उजवा हात खिडकीबाहेर काढून, तळवा खाली करून, पोराला थोपटावे तसा वरखाली हलवायचा. मागच्या ट्रकवाल्याला कळायचे, गाडी हळू होते आहे. ती खूण नियमांतही होती. तिची खुबी अशी की हात बाहेर काढलेला माणसाला स्वतःला कळतो. हात काढला असे वाटले आणि निघालाच नाही, असे होत नाही.

दिव्याची ताकद किती, याचा एक जुना प्रयोग आहे. १९७४ साली जॉन व्होएवोड्स्की या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोमधल्या ३४३ टॅक्सींच्या मागच्या काचेखाली ब्रेकचा तिसरा दिवा बसवला. त्या टॅक्सींना मागून बसणाऱ्या धडका ६०.६ टक्क्यांनी कमी झाल्या. पुढे १९८६ पासून तिथल्या नव्या मोटारींना तिसरा दिवा सक्तीचा झाला. मग सगळ्याच मोटारींना तो आला, लोकांच्या डोळ्यांना सवय झाली आणि नंतरच्या सरकारी पाहणीत फायदा उरला तो ४.३ टक्के. हा दुसरा आकडा मला पहिल्यापेक्षा जास्त शिकवणारा वाटतो. दिवा नवखा असतो तोवर तो ओरडतो, नंतर कुजबुजतो. आणि कायमच लागलेला असेल तर काहीच बोलत नाही. याचा अनुभव मला दोनच दिवसांत येणार होता.

कारण दुरुस्ती मी स्वतः करायला घेतली. विज्ञानाचा शिक्षक आणि एक कळ! पुस्तिकेत वाचले की या कळीच्या अंगावर एक नट असतो; कळ धरून ठेवायची आणि नट फिरवायचा, म्हणजे कळ वरखाली सरकते आणि दिवा लवकर किंवा उशिरा लागतो. मी पक्कड लावून नट बराच फिरवला. पेडल दाबले आणि भिंत लाल झाली! सकाळ सार्थकी लागली असे वाटून मी गाडी पुसून ठेवली.

तिसऱ्या दिवशी दसरा चौकातल्या सिग्नलला शेजारी एक स्कूटर थांबली. वरची मुलगी म्हणाली, “सर, ब्रेक लाइट चालूच राहिलाय तुमचा. मागच्या चौकापासून बघतेय.” शाळेतलीच कुणी असणार, ओळख पटेपर्यंत हिरवा झाला. मी कळ एवढी वर ओढली होती की पेडल सोडल्यावरही स्प्रिंग ताणलेलीच राहत होती. म्हणजे आधी माझी गाडी कधीच ‘थांबतोय’ म्हणत नव्हती, आणि आता सदासर्वकाळ तेच म्हणत होती. मागच्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. किंबहुना दुसरे वाईट. न लागणाऱ्या दिव्याला निदान एखादा दूधवाला हटकतो, सतत लागलेला दिवा बघणाऱ्याला तो मोठा टेललाइट वाटतो.

मग शिवाजी उद्यमनगर गाठले. या भागाची ओळख कोल्हापूरकरांना करून द्यायला नको; बाहेरच्यांसाठी एवढेच की ओतकाम, लेथ आणि दुरुस्ती यांचे हे जुने माहेरघर. तिथल्या एका बोळात माझा एक विद्यार्थी गॅरेज चालवतो. दहावीला विज्ञानात मी त्याला काठावर पास केले होते. तो ते विसरलेला नाही, आणि मीही नाही.

“नट कुणी फिरवलाय, सर?” त्याचा पहिला प्रश्न.

मी म्हणालो, “कुणीतरी.”

तो हसला आणि कामाला लागला. त्याचे काम पाहण्यासारखे होते. आधी त्याने नटाला हातच लावला नाही. टेललाइटची काच उतरवून बल्ब काढला आणि उजेडात धरला. आत दोन तारा असतात, एक ५ वॅटची, रात्रभर मंद जळणारी; दुसरी २१ वॅटची, ब्रेकची. दोन्ही शाबूत. बल्बच्या बुडावरच्या दोन पिना वरखाली असतात, म्हणजे तो उलटा बसूच नये. तरी लोक जबरदस्तीने बसवतात, असे तो म्हणाला. मग कळीच्या दोन्ही वायरी सॉकेटमधून काढल्या. माझ्या गाडीत एक काळी, दुसरी हिरवी-पिवळी. एका तारेच्या तुकड्याने त्या दोन्ही एकमेकींना जोडल्या, किल्ली फिरवली. पेडलला हात न लावता मागे दिवा लागला.

“वायरिंग बरोबर, बल्ब बरोबर, अर्थ बरोबर. स्विच गेलाय,” तो म्हणाला. एवढा सगळा निकाल एका तारेच्या तुकड्याने. मी फळ्यावर कळ काढायचो ती दोन ठिपके आणि मध्ये एक रेघ. त्याने ती रेघ हातात धरून दाखवली.

जुनी कळ त्याने मला उघडून दाखवली. प्लॅस्टिकचे टोपण निघाले आणि आत बारीक, पिवळसर, वाळलेला गाळ. मी तो ओळखला. जुलै २०२१ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. ४३ फूट म्हणजे धोक्याची पातळी. आमच्या गल्लीत पाणी शिरले तेव्हा आम्ही गाद्या, धान्य, पुस्तके माळ्यावर चढवली. गाडी मात्र दारातच राहिली, दोन दिवस अर्ध्या चाकापर्यंत पाण्यात. नंतर तेल बदलले, हवेच्या फिल्टरचे बघितले, चेन धुतली. पेडलजवळच्या या बोटभर डबीत नदी येऊन राहिली आहे, हे कुणाच्या ध्यानात येणार? तांब्याच्या पट्ट्यांवर, न घासलेल्या तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा हिरवा कळंक चढला होता आणि स्प्रिंग गंजून अर्धी झाली होती.

पट्ट्यांच्या टोकांना काळे डागही होते. ते पुराचे नव्हेत. ते का पडतात हे मला सांगता आले, आणि त्या दिवशी माझ्याकडून झालेली विज्ञानाची सेवा तेवढीच. बल्बची टंगस्टनची तार थंड असते तेव्हा तिचा रोध तापलेल्या तारेच्या सुमारे दहावा हिस्सा असतो. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर पेटल्यावर पावणेदोन अँपिअर घेतो, पण पेटण्याच्या पहिल्या क्षणी त्याच्या कितीतरी पट धारा त्या इवल्या पट्ट्यांतून धावते. दर वेळी एक ठिणगी, दर ठिणगीला थोडी काजळी. शहरातल्या रस्त्यावर माणूस दिवसाला किती वेळा ब्रेक दाबतो? एलईडीच्या दिव्यात ही भानगड राहत नाही, शिवाय तो तारेच्या बल्बच्या सुमारे ०.२ सेकंद आधी पेटतो. विद्यार्थ्याने हे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “हे शाळेत असं उघडून दाखवलं असतंत तर मला जास्त मार्क पडले असते, सर.”

नवी कळ बसली. नट त्याने बोटांनीच फिरवला, पक्कड नाही. पेडल तळहाताने हळूच दाबायचे आणि मागे बघायचे. ब्रेक पकडायला लागण्याच्या जरासा आधी दिवा लागला पाहिजे, असे त्याचे माप. पेडल सोडले की लगेच विझला पाहिजे. चार वेळा दाबून, चार वेळा वळून बघून त्याचे समाधान झाले नाही, म्हणून त्याने हाताखालच्या पोराला मागे उभे केले. “लागला... विझला... लागला...” पोरगा कंटाळलेल्या सुरात ओरडत होता. मी शंभराची नोट दिली तर त्याने सुटे परत केले. मजुरी घेतली नाही, ते काठावरचे मार्क त्याने असे फेडले.

शंभराच्या आतली कळ आणि बारा लिटर दूध. गाडी घेऊन घरी येताना हे त्रैराशिक डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी शिवाजी पुलाच्या अलीकडे जाऊन उभा राहिलो. पुलावरून सकाळी किती दूधवाले शहरात येतात, हे तिथे उभे राहिल्याशिवाय कळत नाही. दोन दिवस तो दिसला नाही, किंवा दिसला असेल आणि मी ओळखला नसेल. मी त्याचा चेहरा नीट बघितलाच कुठे होता? तिसऱ्या दिवशी ओळख पटली ती किटलीवरून. तिला नवा पोचा होता. मी हात केला. त्याने मला बरोबर ओळखले. “रतीब घालून माघारी येतो, मग बोलू,” एवढे म्हणून तो गेलाही.

नवाच्या सुमारास तो परत आला. मी सांगितले, दिवा लागत नव्हता, तुमचे खरे होते, मी उगाच बोललो. हे बोलायला मला वाटले त्यापेक्षा जड गेले. बारा लिटरच्या हिशेबाने पैसे काढले. त्याने ते घेतले, मोजले आणि काही नोटा परत केल्या. “बारा न्हवं, नऊ लिटर गेलं हुतं. त्या दिवशी शेजाऱ्याकडनं घेऊन रतीब भागवला.” नऊ लिटरचे पैसे मात्र त्याने ठेवले, उगाच नको-नको केले नाही. मला ते बरे वाटले.

मग त्याने माझ्या गाडीकडे बघून विचारले, “आता लागतोय?”

मी पेडल दाबले. तो मागे जाऊन वाकून बघून आला. “लागतोय.” आणि मग जरा थांबून, “माजाबी बगा की.”

तो गाडीवर बसला, मी मागे उभा राहिलो. दोन्ही बाजूंना रिकाम्या किटल्या आणि मधे आडवे, शहरातून घेतलेले सरकी पेंडीचे पोते. त्याने ब्रेक दाबला. मी खाली वाकलो तेव्हा पोत्याच्या आड, फटीतून लाल उजेड दिसला.

“लागतोय, पण दिसत नाही,” मी म्हणालो.

आम्ही दोघांनी दोऱ्या सोडल्या. पोते सीटवर थोडे पुढे ओढून पुन्हा बांधले, किटल्यांचे कान वर अडकवले. त्याने पुन्हा दाबला. मी दहा पावले मागे गेलो. “लागला!” मी ओरडलो. तो गेला. पुलाच्या तोंडाशी समोरून एसटी आली तेव्हा त्याने गाडी हळू केली, आणि मला इथून तो दिवा पुन्हा दिसला.